जुन्या स्कॅनरसाठी नवा सेन: लिनक्सवर सोर्समधून स्कॅनिंगचं सॉफ्टवेअर बसवताना

गेल्या पावसाळ्यात आमच्या तालुक्याच्या वाचनालयातून ग्रंथपाल काकांचा फोन आला. "ताई, स्कॅनर जोडलाय, आत दिवा लागतोय, पण कॉम्प्युटर म्हणतो स्कॅनरच नाही." देणगीत मिळालेला जुना फ्लॅटबेड स्कॅनर होता. त्याचा नवा ड्रायव्हर येणं कधीच थांबलं होतं, म्हणून वाचनालयाच्या संगणकावर कुणीतरी डेबियन, म्हणजे लिनक्सचं एक वितरण, घालून दिलं होतं. कपाटात मासिकांचे बांधीव अंक होते आणि त्यांना कसर लागायला सुरुवात झाली होती. नवा स्कॅनर घ्यायला पैसे मंजूर होईपर्यंत आणखी एक पावसाळा गेला असता.

तीन संध्याकाळी फोनवर बसून आम्ही तो स्कॅनर चालू केला. काकांनी त्याआधी टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडलेलं नव्हतं. त्यांना जे जसं सांगितलं ते तसंच इथे लिहिते आहे, कारण पहिल्यांदा सोर्समधून, म्हणजे तयार पॅकेज न घेता मूळ कोडपासून, काही बसवणाऱ्याला नेमकं काय अडतं ते त्या तीन संध्याकाळी मला नीट कळलं.

कमांड्सबद्दल आधी एक गोष्ट. फोनवर सांगावं तशा त्या देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये टाकताना शब्द रोमन लिपीत आणि अंक इंग्रजी हवेत. डॅश, टिंब, स्लॅश ही चिन्हं दिसतात तशीच टाका. अक्षरं सगळी लहान, मोठं अक्षर लागेल तिथे तसं सांगितलं आहे. जिथे स्पेलिंग फसवं आहे तिथे ते फोडून दिलं आहे. लिनक्सला मोठा एल आणि छोटा एल ही दोन वेगळी अक्षरं वाटतात, एवढं लक्षात राहिलं तरी निम्म्या चुका टळतात.

सेन म्हणजे काय

लिनक्सवर स्कॅनरशी बोलायचं काम सेन नावाचा प्रकल्प करतो. स्पेलिंग एस, ए, एन, ई. पूर्ण नाव 'स्कॅनर ॲक्सेस नाऊ ईझी'. डेव्हिड मॉसबर्गर आणि अँड्रियास बेक यांनी १९९६ मध्ये त्याची सुरुवात केली. त्यांनी कामाचे दोन भाग केले. स्कॅनरच्या भाषेत बोलणाऱ्या भागाला बॅकएंड म्हणतात आणि आपल्याला खिडकी, बटणं, पानाचं चित्र दाखवणाऱ्या भागाला फ्रंटएंड. मध्ये दोघांना जोडणारा ठरावीक करार आहे. प्रत्येक स्कॅनर-कुटुंबाला आपला बॅकएंड: कॅननच्या लाइड ११०, १२०, २१०, २२० या पातळ स्कॅनरांना जेनेसिस, लाइड ३०० आणि ४०० ला पिक्स्मा, त्याहून जुन्या लाइड २० किंवा ३० ला प्लसटेक.

या रचनेचा आपल्याला थेट फायदा आहे. नवा बॅकएंड बसवला की 'सिंपल स्कॅन'सारखं नेहमीचं ॲप आहे तसंच राहतं, त्याला हातही लावावा लागत नाही. त्यामुळे आपण सोर्समधून बांधणार आहोत तो फक्त खालचा भाग. त्या गाठोड्याचं नाव सेन-बॅकएंड्स.

कंपाइल करण्याआधी: खरंच गरज आहे का?

ही पायरी मी सगळ्यात जास्त वेळ घेऊन करायला लावते. सोर्समधून बांधणं, म्हणजेच कंपाइल करणं, कठीण नसतं, पण गरज नसताना बांधलं तर नंतर निस्तरायला वेळ जातो.

स्कॅनर थेट संगणकाच्या यूएसबी पोर्टला लावा, हबमधून नको. फ्लॅटबेड उलटा करून खाली पाहा. बऱ्याच मॉडेलना ने-आण करताना आतला भाग हलू नये म्हणून कुलपाची खूण असलेला सरकता खटका असतो. तो बंद असेल तर उघडा. नाहीतर सॉफ्टवेअर बरोबर असूनही स्कॅनर कुरकुरत जागच्या जागी थांबेल.

आता टर्मिनल उघडून पुढच्या कमांड द्या. 'सुडो' म्हणजे प्रशासकाच्या हक्काने चालव, आणि 'ॲप्ट' म्हणजे वितरणाची तयार पॅकेजं बसवणारं साधन:

`सुडो ॲप्ट अपडेट`
`सुडो ॲप्ट इन्स्टॉल सेन-युटिल्स यूएसबीयुटिल्स`
`एलएसयूएसबी`

शेवटच्या कमांडने यूएसबीवरच्या सगळ्या वस्तूंची यादी येते. त्यात तुमच्या स्कॅनरची ओळ शोधा. तिच्यात '०४ए९:१९०एफ' असा जोडक्रमांक दिसेल. पहिला भाग कंपनीचा, दुसरा मॉडेलचा. हा कॅनन लाइड २२० चा आहे. तुमचा वहीत लिहून ठेवा, पुढे तो दोनदा लागेल. ओळच नसेल तर अडचण केबलची, पोर्टची किंवा स्कॅनरची आहे. तिथे कंपाइल करून काही होणार नाही.

ओळ आहे? मग:

`सेन-फाइंड-स्कॅनर`
`स्कॅनइमेज -एल`

इथे एल मोठा. या दोन कमांड वेगवेगळं काम करतात आणि नवखे लोक इथेच गोंधळतात. पहिली फक्त विचारते, 'स्कॅनरसारखं काही जोडलेलं आहे का?' दुसरी विचारते, 'त्याच्याशी बोलता येणारा बॅकएंड आपल्याकडे आहे का?' पहिलीला स्कॅनर सापडला आणि दुसरी रिकामी आली, तर तुम्ही योग्य लेखावर आला आहात. काकांच्या संगणकावर नेमकं हेच झालं होतं. दुसरीच्या यादीत 'व्ही४एल' असं काही दिसलं तर तो लॅपटॉपचा कॅमेरा आहे. सेन त्यालाही चित्र देणारं यंत्र मानतो, त्याने हुरळून जाऊ नका.

अजूनही थांबा. तीन प्रकारच्या यंत्रांना हा मार्ग लागू नाही. पहिला प्रकार म्हणजे अलीकडची, वायफाय असलेली, छपाई आणि स्कॅन दोन्ही करणारी यंत्रं. ती बहुधा ड्रायव्हरविना चालणारी ईएससीएल पद्धत जाणतात. त्यांच्यासाठी `सुडो ॲप्ट इन्स्टॉल सेन-एअरस्कॅन आयपीपी-यूएसबी` एवढं करून यंत्र बंद-चालू करा, बहुतेक वेळा काम तिथेच संपतं. दुसरा प्रकार एचपीचा: त्यांचा बॅकएंड एचपीलिप या वेगळ्या पॅकेजात येतो. तिसरा ब्रदरच्या बऱ्याच यंत्रांचा. त्यांचे ड्रायव्हर कंपनी स्वतः तयार पॅकेज म्हणून देते, ते सेनच्या सोर्समध्ये नसतात.

तुमचं यंत्र यांत बसत नसेल तर सेन प्रकल्पाच्या संकेतस्थळावर समर्थित यंत्रांची यादी आहे, तीत मगाचा जोडक्रमांक शोधा. प्रत्येक मॉडेलपुढे शेरा असतो. 'कम्प्लीट' किंवा 'गुड' असेल तर निर्धास्त पुढे जा. 'बेसिक' किंवा 'मिनिमल' म्हणजे पान येईल, सगळ्या सोयी येतीलच असं नाही. 'अनटेस्टेड' म्हणजे कुणी करून पाहिलेलं नाही, तुम्ही पहिले असाल. 'अनसपोर्टेड' असेल तर सोर्स उतरवण्यात वेळ घालवू नका.

शेरा चांगला आहे आणि तरी तुमच्याकडे चालत नाही, याचं नेहमीचं कारण आवृत्ती. डेबियन १२ आणि उबुंटू २४.०४ या दोघांबरोबर सेन १.२.१ येतो, उबुंटू २२.०४ बरोबर १.१.१. या वितरणांचा कल स्थिरतेकडे असतो. एकदा ठरलेली आवृत्ती पुढची काही वर्षं तीच राहते, मग सेनमध्ये कितीही नवी यंत्रं येवोत. तुमच्याकडची आवृत्ती `स्कॅनइमेज -व्ही` ने कळते, व्ही मोठा.

हत्यारं गोळा करणं

सोर्स म्हणजे माणसाने लिहिलेला मजकूर. त्याचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करायला कंपायलर लागतो आणि सेन ज्या लायब्रऱ्यांवर (तयार कोडच्या संचांवर) उभा आहे त्यांच्या 'डेव्ह' आवृत्त्या लागतात. डेव्हचं स्पेलिंग डी, ई, व्ही. नेहमीच्या लायब्ररीत चालवण्यापुरता भाग असतो. डेव्ह पॅकेजात ती लायब्ररी वापरून नवं काही बांधायला लागणाऱ्या हेडर फायली असतात.

`सुडो ॲप्ट इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल गिट ऑटोकॉन्फ ऑटोकॉन्फ-आर्काइव्ह ऑटोमेक ऑटोपॉइंट गेटटेक्स्ट लिबटूल पीकेजी-कॉन्फिग`

आणि मग लायब्रऱ्या:

`सुडो ॲप्ट इन्स्टॉल लिबयूएसबी-१.०-०-डेव्ह लिबजेपेग-डेव्ह लिबटिफ-डेव्ह लिबपीएनजी-डेव्ह लिबएक्सएमएल२-डेव्ह`

जेपेगचं स्पेलिंग जे, पी, ई, जी. टिफमध्ये दोन एफ. या यादीत दोन नावं जिवाची आहेत.

एक, ऑटोकॉन्फ-आर्काइव्ह. हे राहिलं तर पुढे कॉन्फिगरची पायरी मध्येच 'सिंटॅक्स एरर' म्हणून कोसळते, आणि तो संदेश वाचून कुणालाही कळणार नाही की एक पॅकेज राहिलं आहे.

दुसरं, लिबयूएसबी. हे जास्त दगा देणारं आहे, कारण ते नसताना काहीच कोसळत नाही. सगळं सुरळीत कंपाइल होतं, बसतं, आणि स्कॅनर मात्र दिसत नाही, कारण यूएसबीशिवायचाच सेन तयार झालेला असतो. पहिल्या संध्याकाळी आमचे दोन तास यातच गेले. मीच काकांना नाव सांगताना मधला '-१.०' गाळला होता.

सोर्स आणणं

सेनचा सोर्स गिटलॅब या संकेतस्थळावर 'सेन-प्रोजेक्ट' या नावाखाली आहे. तिथून तो गिट या साधनाने उतरवायचा, सोर्समधल्या बदलांचा इतिहास तेच सांभाळतं. घरच्या फोल्डरात कामासाठी जागा करा:

`एमकेडीआयआर ~/सोर्स`
`सीडी ~/सोर्स`
`गिट क्लोन एचटीटीपीएस://गिटलॅब.कॉम/सेन-प्रोजेक्ट/बॅकएंड्स.गिट`
`सीडी बॅकएंड्स`

इंटरनेट मंद असेल तर क्लोनला 'डेप्थ' लावून कमी इतिहास उतरवायचा मोह होतो. सेनच्या बाबतीत तो टाळा. बांधणीची लिपी, म्हणजे स्क्रिप्ट, आपली आवृत्ती गिटच्या टॅगांवरून, म्हणजे इतिहासात लावलेल्या आवृत्त्यांच्या खुणांवरून, ओळखते. टॅग नसले की आवृत्ती कळत नाही आणि पहिल्याच पायरीला गाडी अडते. त्याच कारणाने गिटलॅबच्या पानावरचं 'सोर्स कोड'चं झिप बटणही उपयोगाचं नाही. तयार गठ्ठा हवाच असेल तर रिलीजच्या पानावर प्रकल्पाने स्वतः जोडलेली 'सेन-बॅकएंड्स' नावाची टार फाइल असते, ती घ्या. तिच्यात आवृत्तीची नोंद घातलेली असते.

क्लोन केल्यावर हातात येते ती रोज बदलणारी, अर्धवट कामांसकटची फांदी. नवख्याने प्रकाशित आवृत्तीवर जावं:

`गिट टॅग`
`गिट चेकआउट १.३.१`

पहिल्या कमांडने टॅगांची यादी दिसते. १.३.१ ही २०२४ ची आवृत्ती मी उदाहरणादाखल घेतली आहे. यादीत त्याहून नवी दिसली तर ती घ्या. 'डिटॅच्ड हेड' असा लांबलचक संदेश येईल. घाबरू नका, तुम्ही जुन्या-नव्या फांद्यांच्या शेंड्यावर नसून मधल्या एका ठरावीक जागी उभे आहात एवढंच तो सांगतो.

कॉन्फिगर: इथे घाई नको

आधी बांधणीची लिपी तयार करायची:

`./ऑटोजेन.एसएच`

सुरुवातीचं टिंब आणि स्लॅश विसरू नका. 'याच फोल्डरातली फाइल चालव' असा त्याचा अर्थ. ती संपली की मुख्य कमांड:

`./कॉन्फिगर --प्रीफिक्स=/यूएसआर/लोकल --विथ-यूएसबी बॅकएंड्स="जेनेसिस टेस्ट"`

इथे 'बॅकएंड्स' हा शब्द पूर्ण मोठ्या अक्षरांत. जेनेसिसचं स्पेलिंग जी, ई, एन, ई, एस, वाय, एस. शेवटी 'आयएस' नाही. तुमचा बॅकएंड वेगळा असेल तर समर्थित यंत्रांच्या यादीत दिलेलं त्याचं नाव इथे घाला. या ओळीतला प्रत्येक तुकडा समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर आहे.

'प्रीफिक्स' म्हणजे बसवायची जागा. ॲप्टने बसवलेल्या वस्तू '/यूएसआर' मध्ये राहतात. '/यूएसआर/लोकल' हा भाग घरमालकाचा, म्हणजे तुमचा. ॲप्ट तिथे काही ठेवत नाही. काही मार्गदर्शक थेट '/यूएसआर' वर बसवायला सांगतात आणि ते चालतंही. पण त्याने वितरणाच्या फायली झाकल्या जातात, आणि पुढचा अपडेट आला की तुमची मेहनत पुसली जाते. स्वतःच्या हाताने बांधलेलं लोकलमध्येच ठेवावं, या मताची मी ठाम आहे.

'विथ-यूएसबी' म्हणजे, यूएसबी मिळालं नाही तर गप्प राहू नकोस, थांब आणि सांग. मगाशी सांगितलेला लिबयूएसबीचा दगा या एका तुकड्याने टळतो. तिसऱ्या तुकड्यात आपण सांगतो की आम्हाला सगळे बॅकएंड नकोत, हे दोनच हवेत. सेनमध्ये ते डझनांनी आहेत. सगळे बांधायला जुन्या संगणकावर बराच वेळ लागतो आणि प्रत्येकाच्या वेगळ्या मागण्या असतात. दोनच बांधले की काम काही मिनिटांचं. 'टेस्ट' हा खोटा स्कॅनर आहे, तो कशासाठी ते पुढे येईल.

कॉन्फिगर पडद्यावर भराभर ओळी ओततो. शेवटी कुठले बॅकएंड बांधले जाणार त्यांची यादी छापतो. ती यादी वाचा. तुमच्या बॅकएंडचं नाव तिथे नसेल तर स्पेलिंग चुकलं आहे किंवा एखादी लायब्ररी कमी पडली आहे. तसेच पुढे जाऊ नका.

बांधणं आणि बसवणं

`मेक -जे४`

चार म्हणजे एका वेळी चार कामं. प्रोसेसरला दोनच गाभे असतील तर दोन टाका. इशारे, म्हणजे 'वॉर्निंग', येतील, ते येऊ द्या. 'एरर' आला तर मात्र मेक थांबतो. अशा वेळी शेवटची ओळ पाहू नका, वर सरकत जाऊन पहिला एरर शोधा. त्याखालचे बहुतेक त्याचीच पिल्लं असतात.

`सुडो मेक इन्स्टॉल`
`सुडो एलडीकॉन्फिग`

बांधणीच्या कामात इथे पहिल्यांदा सुडो आलं. त्याआधीची बांधणी सगळी साध्या वापरकर्त्याने करायची. दुसरी ओळ दिसायला किरकोळ, पण ती नव्या लायब्ररीची नोंद सिस्टिमच्या वहीत करते. ती विसरली तर कमांड नवी आणि आतली लायब्ररी जुनी असा संकर होतो. तपासायचं कसं? टर्मिनल बंद करून नवं उघडा आणि:

`स्कॅनइमेज -व्ही`

व्ही मोठा. उत्तरात दोन आवृत्त्या दिसतात, एक स्कॅनइमेजची आणि एक बॅकएंडची. दोन्ही १.३.१ असतील तर उत्तम. एक नवी आणि एक जुनी असेल तर एलडीकॉन्फिग पुन्हा चालवा.

आता खोट्या स्कॅनरवर परीक्षा:

`स्कॅनइमेज -डी टेस्ट -टी`

डी छोटा, टी मोठा. हा खोटा स्कॅनर चालला म्हणजे सेनची बसणी नीट आहे. यापुढे जे काही अडेल ते खऱ्या स्कॅनरच्या वाटेवरचं. फोनवर पलीकडच्या माणसाला मदत करताना ही पायरी फार उपयोगी पडते, कारण अर्ध्या शंका एका फटक्यात निकाली निघतात.

मग `स्कॅनइमेज -एल`, एल मोठा. 'जेनेसिस:लिबयूएसबी:००१:००५' असा पत्ता आणि पुढे मॉडेलचं नाव आलं की झालं. दुसऱ्या संध्याकाळी साडेआठला ती ओळ काकांनी मला अक्षर अक्षर वाचून दाखवली, दोनदा.

सुडोने दिसतो, एरवी दिसत नाही

ही तक्रार इतकी वारंवार येते की तिच्यासाठी वेगळा भाग हवा. `सुडो स्कॅनइमेज -एल` ला स्कॅनर दिसतो आणि साध्या `स्कॅनइमेज -एल` ला दिसत नाही, तर अडचण परवानगीची आहे. बरेच जण मग कायम सुडोने स्कॅन करू लागतात. तसं करू नका. फायली रूटच्या, म्हणजे प्रशासकाच्या, नावावर तयार होतात आणि स्कॅनिंगचं ॲप तर तरीही चालत नाही.

बांधणीच्या वेळीच परवानग्यांची एक फाइल तयार झालेली असते. सोर्सच्या फोल्डरातून ती योग्य जागी ठेवा:

`सुडो सीपी टूल्स/यूडेव्ह/लिबसेन.रूल्स /ईटीसी/यूडेव्ह/रूल्स.डी/६५-स्कॅनर.रूल्स`
`सुडो यूडेव्हएडीएम कंट्रोल --रीलोड-रूल्स`
`सुडो युजरमॉड -एजी स्कॅनर तुमचं-वापरकर्तानाव`

'एजी' मध्ये ए छोटा, जी मोठा. हा छोटा ए अजिबात गाळू नका. तो 'भर घाल' असं सांगतो. तो नसेल तर तुम्ही बाकीच्या सगळ्या गटांतून बाहेर फेकले जाता, सुडोच्या गटातूनही. स्कॅनर नावाचा गटच नाही असं उत्तर आलं तर आधी `सुडो ग्रुपॲड स्कॅनर`. मग लॉगआउट करून परत या आणि स्कॅनरची केबल काढून पुन्हा लावा.

दुसरी एक खोड जुन्या स्कॅनरांची: पहिल्यांदा दिसतो, दुसऱ्यांदा विचारलं की गायब. यूएसबी ३ च्या पोर्टवर हे विशेष होतं. सेनने त्यासाठी सोय ठेवली आहे. स्कॅनच्या आधी `एक्स्पोर्ट सेन_यूएसबी_वर्कअराउंड=१` द्या. 'एक्स्पोर्ट' छोट्या अक्षरांत, पुढचं नाव सगळं मोठ्या. उपयोग झाला तर ती ओळ घरच्या फोल्डरातल्या '.प्रोफाइल' फाइलच्या शेवटी लिहून ठेवा.

एक सावधगिरी. त्याच संगणकाला एअरस्कॅन किंवा एचपीलिपवर चालणारं दुसरं यंत्रही जोडलेलं असेल, तर आता ते दिसेनासं होऊ शकतं. त्यांचे बॅकएंड आणि सेटिंग ॲप्टच्या जागी आहेत, आणि नवा सेन आपल्या लोकल जागेतच शोधतो. दोन्ही यंत्रं रोज लागत असतील तर एकेकासाठी वेगळा संगणक, किंवा नव्या आवृत्तीच्या वितरणावर जाणं हा सरळ मार्ग. काकांकडे एकच स्कॅनर होता, आम्हाला हा प्रश्न आला नाही.

पहिलं पान

`स्कॅनइमेज --मोड ग्रे --रिझोल्यूशन ३०० -एक्स २१० -वाय २९७ --फॉरमॅट=टिफ -ओ पहिले.टिफ -पी`

'ग्रे' मधला जी मोठा, स्पेलिंगमध्ये ए. एक्स आणि वाय ही ए४ पानाची मिलिमीटरमधली मापं. शेवटचा पी किती काम झालं ते दाखवतो. तुमचा स्कॅनर कुठले मोड घेतो ते `स्कॅनइमेज -ए` ने, मोठ्या ए ने, कळतं.

मराठी छापील मजकुराला ३०० डीपीआय (एका इंचात ३०० ठिपके) ग्रे हे माझं ठरलेलं माप. या मापाला ए४ पान २४८० गुणिले ३५०८ ठिपक्यांचं होतं, म्हणजे न दाबता सुमारे ८.७ एमबी. रंगीत केलं की तिप्पट, ६०० डीपीआय केलं की चौपट. जागा वाचवायला 'लाइनआर्ट' म्हणजे निव्वळ काळं-पांढरं करू नका. पिवळ्या पडलेल्या कागदावर त्यात अनुस्वार उडतात आणि शिरोरेषा एकमेकींना चिकटतात. गेलेला अनुस्वार नंतर कुठल्याच सॉफ्टवेअरला परत आणता येत नाही.

अख्खा अंक करायचा तर:

`स्कॅनइमेज --मोड ग्रे --रिझोल्यूशन ३०० --फॉरमॅट=टिफ --बॅच=पेज%०३डी.टिफ --बॅच-प्रॉम्प्ट`

प्रत्येक पानानंतर तो थांबतो. पान उलटायचं, एंटर दाबायचं. बांधीव अंक काचेवर दाबताना पुठ्ठ्याच्या कण्यावर जोर देऊ नका. त्यापेक्षा झाकण काढून वर काळा कागद ठेवा, मागच्या बाजूची अक्षरंही त्याने कमी उमटतात. टर्मिनल नकोसं वाटत असेल तर 'सिंपल स्कॅन' उघडा, त्यालाही आता तोच नवा बॅकएंड मिळतो.

चित्रातून मराठी अक्षरं

स्कॅन केलेलं पान हे चित्र असतं, त्यात शब्द शोधता येत नाही. त्यासाठी टेसेरॅक्ट हे चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर. हे १९८० च्या दशकात एचपीच्या प्रयोगशाळेत जन्मलं, २००५ मध्ये मुक्त झालं, आणि २०१८ च्या चौथ्या आवृत्तीपासून न्यूरल जाळ्यावर अक्षरं ओळखतं. जोडाक्षरांच्या लिपीला त्याने फार फरक पडला. याला सोर्समधून बांधायची गरज नाही:

`सुडो ॲप्ट इन्स्टॉल टेसेरॅक्ट-ओसीआर टेसेरॅक्ट-ओसीआर-मार`
`एलएस पेज*.टिफ > यादी.टीएक्सटी`
`टेसेरॅक्ट यादी.टीएक्सटी अंक -एल मार पीडीएफ`

इथला एल छोटा, 'मार' म्हणजे एम, ए, आर, मराठीची खूण. सगळी पानं एका पीडीएफमध्ये येतात आणि अक्षरांचा थर चित्रामागे लपून बसतो, त्यामुळे शोध चालतो. लिपी एकच आहे म्हणून हिंदीची खूण देऊ नका. मजकूर मराठी असेल तर शब्दांचा अंदाजही मराठीच हवा. पानावर इंग्रजीही असेल तर 'मार+ईएनजी' द्या. अचूकतेची फार अपेक्षा ठेवू नका. शिसाच्या खिळ्यांनी छापलेल्या, झिजलेल्या टाइपाच्या पानांवर डोळ्यांखालून घालावंच लागतं.

हे अंक पुढे मराठी विकिस्रोतावर चढवायचे असतील तर एक कायदेशीर बाब पाहून घ्या. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, आणि मासिकात प्रत्येक लेखाचा लेखक वेगळा असतो. वाचनालयात जपण्यासाठी स्कॅन करून ठेवणं आणि जगापुढे मांडणं या दोन गोष्टी वेगळ्या धरा.

बांधलेलं काढायचं असेल तेव्हा

सोर्सचं फोल्डर साफसफाईत उडवू नका. काढण्याची यादी त्याच्यातच आहे. उद्या वितरणाच्या नव्या आवृत्तीत तुमचा स्कॅनर आपोआप चालू लागला, की त्याच फोल्डरात जाऊन:

`सुडो मेक अनइन्स्टॉल`
`सुडो आरएम /ईटीसी/यूडेव्ह/रूल्स.डी/६५-स्कॅनर.रूल्स`
`सुडो एलडीकॉन्फिग`

ॲप्टचा सेन इतके दिवस जागेवर होताच, तो पुन्हा पुढे येतो. `स्कॅनइमेज -व्ही` ने खात्री करा. आणि नवी सेन आवृत्ती हवी असेल तर हे असंच काढून, `गिट फेच --टॅग्ज` करून, नव्या टॅगवर चेकआउट करा आणि ऑटोजेनपासून पुन्हा सुरू करा. कॉन्फिगरची ओळ मात्र कुठेतरी लिहिलेली हवी. काकांनी ती स्कॅनरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिठ्ठी करून चिकटवली आहे, जोडक्रमांक आणि तारखेसकट.